घड्याळाच्या पाठीवरचा चेहरा

माझ्या वडिलांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आमच्या घरात मात्र एक घड्याळ माझ्या जन्माआधीपासून बंद होतं. ते आईचं होतं.

सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला गाळ्यांची रांग लागते. झेरॉक्स, मोबाइलवाला, चप्पल शिवणारा आणि शेवटी वडिलांचं दुकान. आत एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढीच जागा. गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. बहुतेक गिऱ्हाइकं जवळच्या घाऊक बाजारातली असत, दिवाणजी, दलाल, हमाल. काही न्हावा शेव्याच्या बंदरावरची. बंदरावरचे लोक कधीकधी जहाजावरच्या कुणीतरी दिलेलं जुनं, विचित्र घड्याळ घेऊन येत. परदेशी घड्याळांबद्दल वडिलांना जे काही ठाऊक होतं ते असं काउंटरवरून आलेलं होतं. पुस्तक त्यांनी एकही वाचलं नव्हतं.

आईचं घड्याळ हातावर बांधायचं नव्हतं. साखळीत ओवून गळ्यात घालायचं होतं. आकार लंबगोल, लांबी अंगठ्याच्या पेराहून थोडी जास्त. भोवती सोन्याची जाळीदार महिरप आणि तिच्यावर पांढऱ्या, हिरव्या, लाल मीनाकामाची वळणं. चार ठिकाणी लाल खडे, त्यांच्या मधे मोती. एका मोत्याची जागा रिकामी. खाली एक लोंबता मोती, किंचित वाकडा. तबकडी पांढरी, काटे केसासारखे बारीक. पाठीवर, निळ्या मीन्यावर, एका बाईचं अर्धचित्र होतं. लाल पोशाख, हातात फळांची टोपली, मान थोडी डावीकडे वळलेली. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा.

अशी घड्याळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात बनत, हे मला खूप नंतर कळलं. त्याच्याही तीनशे वर्षं आधीच्या, रेनेसान्स काळातल्या दागिन्यांची ती मुद्दाम केलेली नक्कल असे. वडील हे त्यांच्या पद्धतीने एका वाक्यात सांगत. "हे नवं होतं तेव्हाच जुनं होतं."

आई लग्नाआधी दक्षिण मुंबईत एका म्हाताऱ्या बाईंकडे आया होती. बाई एकट्या राहत. त्यांचं खाणं, औषधं, आंघोळ, सगळं सहा वर्षं आईने केलं. बाई गेल्या तेव्हा घर रिकामं करायला त्यांचा पुतण्या आला. कामाच्या माणसांनी एकेक वस्तू उचलावी, असं त्याने सांगितलं. स्वयंपाक्याने रेडिओ घेतला. आईने बाईंच्या उशाशी असलेलं हे बंद घड्याळ घेतलं. शिलाई मशीन का नेत नाहीस, असं पुतण्याने तिला दोनदा विचारलं. ती नको म्हणाली.

कारण तो चेहरा होता. आई सात वर्षांची असताना तिची आई कोकणात, गावच्या घरी, बाळंतपणात गेली. तिचा फोटो नव्हता. त्या गावात तेव्हा कुणाचाच नव्हता. आईला जे आठवत होतं ते थोडं होतं. सावळा रंग, मोठे डोळे, जुळलेल्या भुवया, हनुवटी जराशी पुढे. बाईंच्या उशाजवळचं घड्याळ पहिल्यांदा हातात घेऊन पुसताना हे सगळं तिला त्या चित्रात दिसलं.

"माझी आये बसलीय ती," ती आम्हाला सांगायची. "मडमेचे कपडे घालून." आणि हसायची.

घड्याळ कपाटात, स्टीलच्या गोल डब्यात, कापसावर ठेवलेलं असे. तिने ते गळ्यात कधी घातलं नाही. सकाळची कामं उरकली की ती डबा काढायची, चष्मा कपाळावर सरकवायची, घड्याळ उलटं करून नाकाजवळ धरायची. मिनिटभर. मग परत डब्यात. तिला लांबचं दिसत नसे, जवळचं चष्म्याशिवायच स्पष्ट दिसे. पाठीचं झाकण सैल झालं होतं. ते निखळू नये म्हणून तिने कडेने सेलोटेप गुंडाळली होती. टेप पिवळी पडली की ती जुनी काढून नवी लावायची. आधीच्या टेपचा डिंक तसाच राहायचा.

शेजारच्या काकू दारातूनच हाक मारत. "घड्याळजीणबाई, किती वाजले?"

आई म्हणायची, "चार वाजून दहा. आमच्याकडे कायम चहाचीच वेळ. बसा."

वडिलांनी ते घड्याळ का उघडलं नाही, याचं कारण आम्हाला माहीत होतं. धंद्यात नवीन असताना त्यांनी एका जहाजावरच्या अधिकाऱ्याचं असंच जुनं घड्याळ उघडलं होतं आणि आतला एक बारीक भाग त्यांच्या चिमट्याखाली तुटला होता. तसा भाग कुठे मिळाला नाही. तेव्हापासून, ज्याचा भाग आपल्याला मिळणार नाही किंवा बनवता येणार नाही, ते घड्याळ उघडायचं नाही, असा त्यांचा नियम झाला. गिऱ्हाइकाला ते नाही म्हणत नसत, "बघू" म्हणत. आईलाही ते लग्नाच्या वर्षापासून "बघू" म्हणत आले होते. आईने पाठपुरावा केला नाही. तिचं काम घड्याळाच्या पाठीशी होतं, आणि पाठ चालू-बंद होत नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं. तोवर तो यकृतात पसरला होता. डॉक्टरांनी महिन्यांऐवजी आठवड्यांचा हिशेब सांगितला. पहिल्यांदा ॲडमिट करायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, तिने वडिलांना म्हटलं, "अहो, ते एकदा चालू करून द्या ना. कसं वाजतं ऐकते तरी. आये मुकी बसलीय इतकी वर्षं."

वडील "बघू" म्हणाले नाहीत. त्यांनी डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी आई नेरूळच्या रुग्णालयात दाखल झाली. वडिलांनी दुकान बंद ठेवलं आणि दुकानातली हत्यारं घरी, खिडकीजवळच्या टेबलावर आणली. सकाळी घड्याळ, संध्याकाळी रुग्णालय, असे तीन दिवस गेले. मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून रजा घेतली होती. सकाळी आईजवळ शेजारच्या काकू बसायच्या, म्हणून मी घरी असे.

पहिल्या दिवशी त्यांनी सेलोटेप कापली आणि झाकण उघडून मला आयग्लास, म्हणजे डोळ्यात बसवायचं भिंग, लावायला दिली. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारख्या तीन खुणा होत्या. दोन मला वाचता आल्या नाहीत. तिसरीत गुजराती आकडे होते. ही पद्धत त्यांनी मला तेव्हा समजावून सांगितली. काम पुरं झालं की घड्याळजी झाकणाच्या आत आपली बारीक खूण करतो. ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते. खूण केली म्हणजे हे काम माझं, बरंवाईट जे असेल ते माझ्या नावावर. वडिलांची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि पुढे वर्ष. काम मनासारखं उतरलं नाही तर ते खूण करत नसत. घड्याळ चालत असलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे भाग सुटे होऊन एका काचेच्या थाळीत, पेट्रोलमध्ये होते. वडील आयग्लास लावून एकेक भाग उचलून बघत होते. शेवटचा भाग बघून त्यांनी आयग्लास काढली आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"काही मोडलेलं नाहीये," ते म्हणाले. "नुसती घाण होती. तेल सुकून डिंक झालाय."

म्हणजे ते लग्नाच्या वर्षी उघडलं असतं तरी चाललं असतं.

किल्ली हरवलेली होती. त्यांनी एका जाड सुईच्या तुकड्यापासून घासून नवी बनवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला घड्याळ चालू झालं. आवाज इतका बारीक होता की पंखा बंद केल्यावरच ऐकू आला. वडिलांनी ते कानाला लावलं, मग मला दिलं. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

राहिला होता तो डिंक. पाठीच्या कडेवर, आणि कडेवरून आत चित्रावर, त्याचे पिवळे थर होते. हे काम वडिलांसाठी रोजचं होतं. मीना म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेली काच. काच आणि धातू थिनरला दाद देत नाहीत, असं त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि ते खरं होतं. मीनाकामाच्या कितीतरी तबकड्या त्यांनी तशाच पुसल्या होत्या. त्यांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवला, कडेने फिरवला आणि सफाईने एकदा चित्रावरून गोल फिरवला. बोळा पिवळा झाला. पिवळ्यात थोडा तपकिरी होता. जुना मळ असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी आणखी एकदा फिरवला.

मग त्यांनी आयग्लास लावली. हात टेबलावर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

मी उठून बघितलं. निळी पार्श्वभूमी होती. लाल पोशाख होता, टोपली होती, टोपलीवरचा हात होता. चेहऱ्याच्या जागी उघड्या सोन्याचा डाग होता, दातेरी कडांचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

काय झालं होतं ते वडिलांनी अर्ध्या तासाने सांगितलं, एखादा अहवाल द्यावा तसं. केव्हातरी घड्याळ पडलं असणार. चेहऱ्याचा मीना तिथे उडाला असणार. खडे बसवलेला दागिना पुन्हा भट्टीत घालता येत नाही, म्हणून कुणीतरी तो तुकडा साध्या रंगाने आणि वॉर्निशने भरून काढला. गुजराती आकडे पाहता हे मुंबईतच झालं असावं. फोटो स्टुडिओत पूर्वी काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरणारे कारागीर असत. त्यातल्याच कुणाचं तरी हे काम असेल. मूळ बाई कशी होती ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्या हाताला जो चेहरा येत होता तो त्याने काढला.

"म्हणून ती आपल्याकडची दिसायची," वडील म्हणाले.

उस्तादाचा नियम बरोबर होता. त्या जागी मीना नव्हता.

तो बोळा त्यांनी कचऱ्यात टाकला नाही. स्क्रू ठेवायच्या एका छोट्या बाटलीत घातला आणि झाकण लावलं. मग घड्याळाचं पाठीचं झाकण बसवलं. खूण करायची सुई टेबलावरच होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

आईला सांगायचं की नाही, याची चर्चा झाली नाही. निर्णय सूचनांमधून कळला. "तू घेऊन जा दुपारी," ते म्हणाले. "तबकडी वर करून दे हातात. चष्मा राहू दे तिचा घरीच. झोपून असते, तिला कशाला लागतोय." चष्मा आदल्या संध्याकाळी काच सैल झाली म्हणून ते घरी घेऊन आले होते. काच बसवून झाली होती. मी तो टेबलावर तसाच ठेवला आणि निघाले.

पामबीच रस्त्याने रिक्षा जात असताना मला आठवलं की आई त्या घड्याळाकडे कधीच चष्मा लावून बघत नव्हती. परत फिरूनही उपयोग नव्हता. चष्मा असता तरी तिने तो कपाळावरच सरकवला असता.

वॉर्डात त्या वेळी तिच्या शेजारची खाट रिकामी होती. मी घड्याळ तबकडी वर करून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते आधी कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं.

"चालतंय की गं," ती म्हणाली. "केवढुसं वाजतं. मुंगी चालल्यासारखं."

मग सवयीने तिचा हात कपाळाकडे गेला. चष्मा नव्हता. हात तसाच खाली आला. तिने घड्याळ नाकाजवळ आणलं आणि उलटं केलं.

मी खिडकीकडे बघत राहिले. बातमी चुकली की ती कुणी, कुठे, कशी चुकवली हे विचारायचं, असं माझं काम आहे. त्या दोन मिनिटांत मला कुणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं नसतं.

"आये गेली गं बाय," आई म्हणाली. आवाज नेहमीचा होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. डिंक, थिनर, उडालेला तुकडा, फोटो रंगवणारा माणूस. ऐकताना ती चेहऱ्याच्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. तिथे आता खोलगट लागत होतं.

"सेलोटेप मीच लावायचे," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं काही नाही.

"लावायचेच ना मी. झाकण पडेल म्हणून. त्यांना कधी बोलले नाही, घट्ट करून द्या. एका मिनिटाचं काम होतं त्यांचं." मग ती म्हणाली, "त्यांना सांगू नको मला दिसलं म्हणून. विचारलं तर म्हण, चष्मा नव्हता."

संध्याकाळी वडील आले. आईने घड्याळ तबकडी वर करून चादरीवर ठेवलं होतं. छान चालतंय, ती त्यांना म्हणाली, एवढी वर्षं उगाच थांबवलंत मला. ते म्हणाले, वेळ नव्हता. घड्याळजीला वेळ नाही, ती म्हणाली, हे लिहून घे गं पेपरात. दोघं हसली. वडिलांनी किल्ली काढून घड्याळाला चावी दिली. चावी द्यायचं भोक पाठीच्या झाकणाखाली होतं. झाकण उघडताना त्यांनी पाठ स्वतःकडे वळवली. आई त्या वेळी भिंतीकडे बघत होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच झालं. ते चावी द्यायला पाठ आपल्याकडे वळवत आणि ती भिंतीकडे बघे. नऊ दिवस. दहाव्या दिवशी पहाटे ती गेली. दुपारी नर्सने तिच्या बांगड्या आणि घड्याळ एका पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. घड्याळ तेव्हा चालू होतं. वडिलांनी चावी दिली नाही, म्हणून पुढच्या दिवशी थांबलं. आता ते चार वाजून दहा मिनिटं दाखवत नाही.

वर्षभराने मी वडिलांना विचारलं की आमच्या पेपरात चित्रं काढणारा एक चांगला माणूस आहे, त्याच्याकडून तो चेहरा परत काढून घ्यायचा का.

"कुणाचा काढायला सांगणार?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सासूला पाहिलेलं नव्हतं. पाहिलेलं कुणी उरलेलं नव्हतं. ती कशी होती हे आईला ठाऊक होतं, आणि आईने ते त्या डाळीएवढ्या जागेत ठेवलं होतं. माझ्या फोनमध्ये त्या घड्याळाचे चार फोटो आहेत. घड्याळ चालू झालं त्या सकाळी, काटे फिरताना दिसावेत म्हणून काढलेले. चारही तबकडीचे आहेत. घरात ते घड्याळ तेवढी वर्षं होतं, आणि पाठीचा फोटो काढायचं कुणाच्याही मनात आलं नाही.

यंदा वडिलांनी दुकान सोडलं. हात थरथरतो, बारीक स्क्रू धरवत नाही. हत्यारं आवरायला मी गेले होते. जवळच्याच शिरवणे गावातला एक घड्याळजी ती घेणार होता. वडील स्टुलावर बसून काय कुठल्या डब्यात जाईल ते सांगत होते. खणाच्या कोपऱ्यात ती छोटी बाटली निघाली. आत कापूस. त्यावरचा तपकिरी डाग अजून तसाच होता. मी बाटली डब्यात टाकली नाही, हातात धरून राहिले.

वडिलांनी ती पाहिली. बाहेर झेरॉक्सवाल्याच्या मशीनचा आवाज चालू होता.

"तिला कळलं होतं का?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"नाही," मी म्हटलं. "चष्मा नव्हता ना."

त्यांनी मान हलवली. बाटली माझ्या हातातून घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली. मग पुढचा खण उघडायला सांगितला. त्यात चिमटे होते. ते लांबीप्रमाणे लावून झाल्यावर ते म्हणाले, "जवळचं तिला चष्म्याशिवाय दिसायचं."

मी चिमट्यांच्या डब्याला झाकण लावलं.

खूण करायची सुई त्यांनी शिरवण्याच्या माणसाला द्यायच्या हत्यारांत घातली. मी ती बाजूला काढली आणि त्यांच्यापुढे धरली. घड्याळ माझ्या पिशवीत होतं. मी ते मुद्दाम घेऊन गेले होते. त्यांनी सुईकडे पाहिलं आणि ती परत डब्यात ठेवली.

घड्याळ आता माझ्याकडे असतं, त्याच स्टीलच्या डब्यात, कापसावर. झाकणाच्या आत तीन खुणा आहेत. चौथीला जागा आहे.